अरुंद खाडी, नांगरलेले ट्रॉलर आणि वल्ह्याची होडी: तुमच्याकडे वाट कशी ठरते?

खाडीपलीकडची
नमस्कार मंडळी. बरेच दिवस इथे वाचते आहे, लिहिते आहे पहिल्यांदाच.

आमचं घर खाडीच्या अलीकडे आणि भाताचे कुणगे (खाचरं) पलीकडे. पुलावरून जायचं तर नऊ किलोमीटरचा वळसा, होडीने बारा मिनिटं. त्यामुळे लावणीच्या दिवसांत मी आणि आई रोज दोन खेपा होडीनेच करतो. होडी बाबांची, सोळा फुटी, वल्ह्याची. खाडी भरतीला ऐंशी मीटर रुंद दिसते, पण ओहोटीला दोन्हीकडे चिखल उघडा पडतो आणि पाण्याची वाट उरते जेमतेम तीस मीटर. जूनपासून त्याच वाटेत अकरा ट्रॉलर उभे आहेत. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारीला बंदी, तेव्हा ते तरी कुठे जाणार, हे कळतं. पण बिगरयांत्रिक होड्यांना ती बंदी नाही. पाग (हातजाळं) टाकणारे, मुळे (शिंपल्या) काढायला जाणाऱ्या बायका, आमच्यासारखे शेतावर जाणारे, सगळे त्याच पाण्यात असतो.

गुरुपौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सव्वापाचला परत येत होतो. ओहोटीची ओढ होती, बारीक पाऊस होता. वल्हवताना माझी पाठ पुढे असते, म्हणून आई नाळेवर, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकावर, बसून वाट सांगते. एका ट्रॉलरने मागून एक दोर काठच्या कांदळाला (खारफुटीला) बांधला होता. भरतीला तो खोल पाण्याखाली असतो, कोणाला अडत नाही. ओहोटीला ट्रॉलर ओढीने ताणला गेला आणि दोर तंग होऊन पाण्याच्या हातभर वर आला. आई "दोर!" म्हणेपर्यंत नाळ त्याच्यावर गेली होती. होडी आडवी झाली आणि ओढीच्या बाजूने पाणी आत यायला लागलं. आईने उताणं पडून तो दोर दोन्ही हातांनी उचलला आणि डोक्यावरून मागे लोटला, मी वल्ही सोडून तळाशी आडवी झाले. दोरावर शिंपल्यांची धारदार खपली चिकटलेली होती. आईच्या उजव्या तळहाताला पाच टाके पडले.

मला भांडण नको आहे. ट्रॉलरवाले आमच्याच वाडीतले आहेत. तुमच्या खाड्यांमध्ये हे कसं जमवता? वाट नक्की कोणाची?

निवृत्त_नाविक
आईंना विश्रांती द्या. खाऱ्या पाण्यातली जखम वरून भरल्यासारखी दिसते आणि आत चिघळते.

कायद्याचं बोलायचं तर समुद्रावर टक्कर टाळण्याचे १९७२ चे आंतरराष्ट्रीय नियम आहेत. समुद्रात जाणाऱ्या नौका जिथपर्यंत येऊ शकतात त्या जोडलेल्या पाण्यालाही ते लागू होतात, म्हणजे आपल्या खाड्यांनाही. त्यातला नववा नियम अरुंद वाटेचा. परिस्थितीने भाग पाडलं नाही तर अशा वाटेत नांगर टाकायचा नाही, असं तो स्पष्ट सांगतो. जाणाऱ्याने आपल्या उजव्या काठाला धरून जायचं, हेही त्यातच आहे. पण त्याच नियमात दुसरी बाजूही आहे. जे जहाज फक्त खोल वाटेतूनच जाऊ शकतं, त्याला २० मीटरपेक्षा लहान नौकेने अडवायचं नाही. म्हणजे चालता ट्रॉलर मधून येत असेल तर होडीने उथळाकडे सरकायचं. उभा ट्रॉलर ही वेगळी गोष्ट.

रात्रीचं सांगतो. नांगरलेल्या नौकेवर चारही बाजूंनी दिसेल असा पांढरा दिवा हवा. ७ मीटरपेक्षा लहान नौकेला यातून सूट आहे, पण अरुंद वाटेत किंवा तिच्या जवळ ती सूटही नाही. आणि वल्ह्याच्या होडीने निदान विजेरी हाताशी ठेवायची आणि टक्कर टळेल इतकी आधी दाखवायची.

मालवणी_झील
होडी बांधूची तर काठाक बांधा, मधी कित्याक? आमच्या कोळंबच्या खाडयेत आजोबा सांगायचो, पाण्याची वाट म्हणजे गावाची पाणंद. पाणंदीत कोण बैलगाडी सोडून घराक जाता काय?

तांडेल७२
मी बोलतो, कारण माझा ट्रॉलर अशाच एका खाडीत उभा असतो.

ताई, आईंच्या हाताचं वाचून वाईट वाटलं. तो दोर तसा बांधायला नको होता, यात दुमत नाही. पण "काठाक बांधा" म्हणणं सोपं आहे. माझी बोट ४५ फुटी. काठाला बांधली तर ओहोटीला चिखलावर बसते आणि एका कुशीवर कलते. भरती आली की कधी कधी उठायच्या आधीच पाणी बोटीच्या काठावरून आत शिरतं. जेटीवर जागा नाही, गाळ साचलाय. बोट ओढून वर काढायला यारी (क्रेन) लागते, तिचं भाडं सगळ्यांना झेपत नाही. बँकेचा हप्ता बंदीतही चालूच असतो. म्हणून जिथे तळ खोल तिथे नांगर टाकतो. आणि खोल तळ असतो नेमका मधोमध.

अजून एक. हल्ली पर्यटकांच्या कयाक, म्हणजे वल्ह्याच्या चिंचोळ्या होड्या, येतात आणि दमल्या की माझ्या नांगराच्या दोराला धरून लोंबकळतात. मागच्या डिसेंबरात तर एक पोरगा चढून डेकवर फोटो काढत होता. पाय घसरून पडला असता तर जबाब कोणी दिला असता?

वल्हंबहाद्दर
धाग्यावर खूण ठेवतोय. आईंचा हात आता कसा आहे?

खाडीपलीकडची
सूज उतरली आहे. डावा हात मोकळा आहे म्हणून चुलीपाशी बसतेच, ऐकत नाही.

तांडेलकाका, तुमचं पटलं. बोट कुशीवर कलते हे मी पाहिलं आहे. पण अकराच्या अकरा बोटींना मधोमधच जागा हवी का? बारा मीटर वाट जरी सलग मोकळी मिळाली तरी आम्हाला पुरते.

गणित_आणि_गलबत
इथे थोडं गणित करू, कारण भांडण जागेचं आहे.

भरतीला पाणी चार मीटर खोल धरा. नांगर नीट धरून राहायला दोर खोलीच्या निदान पाचपट सोडतात, म्हणजे वीस मीटर. बोट ४५ फुटी, म्हणजे चौदा मीटर. एकाच नांगरावर उभी असेल तर भरती-ओहोटी फिरली की ती नांगराभोवती चौतीस मीटरच्या त्रिज्येने फिरते. म्हणजे अडुसष्ट मीटरचं वर्तुळ! ऐंशी मीटरच्या खाडीत एक बोट जवळजवळ सगळी खाडी घेते. ओढ नसते त्या निवांत अर्ध्या तासात तर ती आडवीही उभी राहते.

तीच बोट पुढे एक आणि मागे एक अशा दोन नांगरांवर, ओढीच्या रेषेत उभी केली, तर रुंदीला लागते फक्त तिची स्वतःची चार-पाच मीटर आणि थोडी झोलाची जागा. अकरा बोटी एकामागे एक एकाच बाजूला उभ्या केल्या तर तीस मीटरच्या वाटेतही होडीला जागा उरते.

तांडेल७२
गणित बरोबर आहे, पण कागदावरचं. दोन नांगरांवर असलेली बोट फिरत नाही, म्हणून एकदा ओढ नाळेवर येते आणि एकदा मागून. मागची बाजू चपटी, तिथे पाणी आपटतं, नांगरावर ताण दुप्पट. जुलैत डोंगरात पाऊस कोसळला की गढूळ लोंढा येतो. असा लोंढा आला की भरतीची वेळ झाली तरी वरचं पाणी समुद्राकडेच धावत असतं. मग एक नांगर सुटला तर बोट आडवी होऊन दुसऱ्याच्या अंगावर. नाळ वरच्या अंगाला, म्हणजे नदी येते त्या बाजूला ठेवली आणि पुढचा नांगर जड टाकला तर जमतं. पण हे सगळ्यांनी एकदम केलं पाहिजे. एकाने केलं आणि शेजारचा गरगरत राहिला तर फटका दोन नांगरवाल्याला बसतो.

कांदळवाट
मी कयाक चालवायला शिकवते, म्हणून तांडेलदादांची तक्रार मान्य करून सुरुवात करते. दोराला लोंबकळणं चूकच आहे. आणि ते जिवावर बेतणारं आहे, हे लोकांना कळत नाही.

ओहोटीच्या ओढीत नांगरलेल्या बोटीच्या नाळेसमोरून कधीच आडवं जायचं नाही. पाणी तुम्हाला त्या नाळेवर, नांगराच्या दोरावर नेऊन दाबतं. होडी दोरावर आडवी चिकटली की वरच्या अंगाची कड पाण्याखाली जाते आणि दोन सेकंदांत उलटते. माणूस मग ट्रॉलरच्या बुडाखाली ओढला जातो. मी हे एकदा डोळ्यांनी पाहिलं आहे. मुलगा वाचला तो जाकीट अंगावर होतं म्हणून आणि ट्रॉलरवरच्या खलाशाने काठीचा आकडा त्याच्या जाकिटाच्या पट्ट्यात अडकवला म्हणून. तो आकडा पट्ट्यात बसला तेव्हाचा "टक्" आवाज मला अजून ऐकू येतो.

आडवं जायचंच असेल तर बोटीच्या मागून जायचं, म्हणजे पाणी जिकडे वाहतंय त्या बाजूने. तिथे चुकलं तरी ओढ तुम्हाला बोटीपासून लांब नेते. आणि बोटीवर ढकललेच गेलात तर तिच्यापासून लांब, येणाऱ्या पाण्याकडे झुकू नका, बोटीकडेच झुका, तिला मिठी मारा. मन नेमकं उलटं सांगतं.

धागाकर्ती ताई, तुमच्या बाबतीत यातलं काही लागू नव्हतं. काठापासून बोटीपर्यंत दोर बांधला की मागून जायची वाटही बंद होते. तो दोर दिसतच नव्हता, तुमची काही चूक नाही.

निवृत्त_नाविक
कांदळवाट यांचा प्रतिसाद प्रत्येक जेटीवर लावायला हवा.

मुळ्यांचं_सुकं
रत्नागिरीजवळ आमच्या भाट्याच्या खाडीत ओहोटीला मुळे काढायला आजी जायची, ती घड्याळ बघत नसे, तिथी बघायची. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते. अष्टमीला आठ पाऊणे सहा, म्हणजे सहाला भरती. मग सहा-सव्वासहा तासांनी ओहोटी. रोज साधारण पन्नास मिनिटं पुढे सरकत जायचं. आजीचं कधी चुकलं नाही.

गणित_आणि_गलबत
हा हिशोब मुंबईला बरा जुळतो. रत्नागिरी, मालवणकडे भरती त्याच्या थोडी आधी येते आणि खाडीत आत आत जाल तशी उशिरा. आजी भाट्याच्या तोंडाशी बसत असतील तर मनातल्या मनात वजाबाकी करत असणार.

मुळ्यांचं_सुकं
करतच असेल. विचारायला आता ती नाही. तिच्या हातचं मुळ्यांचं सुकं, ओलं खोबरं आणि वरून दोन कोकमं... धागा भरकटला, माफ करा.

मालवणी_झील
भरकटांदे. कोकमा दोन नको, तीन घाल.

देवगडचा_दर्या
मूळ विषयावर. जुलैची गोष्ट तरी बरी, बोटी ओळखीच्या असतात. खरी परीक्षा वादळाला. ऑक्टोबर २०१९ ला 'क्यार' आलं तेव्हा देवगडच्या खाडीत बाहेरच्या राज्यांतल्या बोटी आसऱ्याला आल्या होत्या. ना भाषा कळे, ना कोणाचा दोर कोणाच्या नांगरावर ते कळे. मे २०२१ च्या 'तौक्ते'मध्ये बंदरात उभ्या केलेल्या बोटींचे नांगर तुटले आणि माणसं गेली. आसऱ्याला आलेल्याला कोणी नाही म्हणू शकत नाही आणि म्हणूही नये. पण त्या चार दिवसांत काठावरच्या लहान होडीवाल्याने घरी बसायचं, हे मी वडिलांकडून शिकलो. आधी होडी ओढून माडाला बांधायची, मग चहा.

कोर्टाची_पायरी
ताई, लेखी तक्रार करा. बंदराचा कारभार मेरीटाईम बोर्डाकडे, मासेमारी नौकांचा मत्स्यव्यवसाय खात्याकडे. कांदळाला दोर बांधणं हा वेगळाच मुद्दा, कांदळवनांना संरक्षण आहे. टाके पडलेत, कागद आहे. नुकसानभरपाई मागा.

खाडीपलीकडची
एका कार्यालयात गेले होते. त्यांनी दुसऱ्याकडे पाठवलं. दुसऱ्यांनी सांगितलं की खाडीचा तो भाग आमच्या हद्दीत येतो का ते बघावं लागेल. तीन आठवड्यांनी या म्हणाले. तीन आठवड्यांत लावणी संपते आणि बंदीही.

तांडेल७२
@कोर्टाची_पायरी, भरपाई मागायचा हक्क आहे, नाही म्हणत नाही. पण नोटीस गेली की त्या वाडीत उद्यापासून होडी उलटली तर हात कोण देणार, हाही विचार करा.

कोर्टाची_पायरी
हात देणं माणुसकीने व्हायला हवं, तक्रार न करण्याच्या बदल्यात नव्हे. हे मला अजिबात मान्य नाही.

कांदळवाट
मलाही नाही. पण तांडेलदादा धमकी देत नाहीयेत, खाडीवर कसं चालतं ते सांगताहेत. बोटीवरून आकडा टाकणारा खलाशी मी पाहिला आहे, त्याने आधी ओळख विचारली नव्हती.

तांडेल७२
बरोबर. माझं वाक्य चुकलं. हात कोणीही देईल, द्यायलाच हवा.

आता कामाचं सांगतो. बाजारात मिळणारा हिरवा-निळा प्लास्टिकचा दोर स्वस्त म्हणून सगळे घेतात. तो पाण्यावर तरंगतो. नायलॉनचा दोर बुडतो. काठाला बांधायचाच असेल तर नायलॉनचा घ्यावा, आणि मधे जुन्या साखळीचे आठ-दहा किलो अडकवावेत. मग बोट हलली तरी मधला भाग तळाशी राहतो, तंग होत नाही. नांगराच्या दोराचं टोक पाण्यात शिरतं तिथे पांढरं पिंप बांधलं तर होडीवाल्याला लांबून दिसतं. पिंपावर चमकणारी पट्टी चिकटवली तर विजेरीतही दिसतं. सगळं मिळून खर्च एका जाळ्याच्या डागडुजीपेक्षा कमी.

वेंगुर्ल्याची_लेक
वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत 'स्वामिनी' गटाच्या बायका पर्यटकांना कांदळवनात फिरवतात, स्वतः वल्हवून, इंजिन नाही. मी त्यांच्या होडीत बसले आहे. वळण आलं की होडी काठाला घेऊन थांबतात, कान देतात, मग पुढे जातात. नियमांच्या पुस्तकात वळणावर भोंगा द्यायला सांगितलंय म्हणे, पण वल्ह्याच्या होडीत कान हाच भोंगा. इंजिनाच्या बोटींनी एवढंच करावं, नांगरलेल्या किंवा वल्ह्याच्या होडीजवळून जाताना वेग कमी करावा. लाट होडीपेक्षा जास्त त्या बांधलेल्या दोरांना झटका देते.

वल्हंबहाद्दर
वेंगुर्ल्याच्या ताईंना दहापैकी दहा. दाभोळ-धोपावे फेरीबोट येताना मी लहान होडीतून नाळ तिच्या लाटेकडे सरळ करून थांबतो. आडवं राहिलं की कंबरेपर्यंत भिजायचं पक्कं.

खाडीपलीकडची
सगळ्यांचे आभार. काय झालं ते सांगायला आले आहे.

हा धागा मी छापून नेला. खरंच छापून, कारण वाडीतल्या दोन वयस्कर नाखव्यांना फोनवर वाचता येत नाही. दिव्याच्या आवशीला उधाणाची ओहोटी सगळ्यात खाली जाते म्हणून तोच दिवस ठरवला. संध्याकाळी साडेपाचला पाणी तळाला गेलं, तेव्हा सगळे गुडघाभर चिखलात उभे राहिलो. ट्रॉलरवाल्यांपैकी सात जण आले, मुळे काढणाऱ्या चार बायका, पागवाले दोघे आणि हाताला फडकं बांधून आई.

पाणी किती उरतं हे सगळ्यांनी एकत्र असं कधी पाहिलंच नव्हतं. एक नाखवा म्हणाला, "आम्ही भरतीलाच येतो-जातो, आम्हाला खाडी नेहमी भरलेलीच दिसते." मला हे वाक्य फार लागलं. म्हणजे त्यांनी मुद्दाम काही केलं नव्हतं.

आमच्या काठाकडून बारा मीटर मोजून बांबूचे नऊ खुंट ठोकले, वर पांढरे डबे. त्या पलीकडे बोटी, नाळ नदीकडे, पुढे-मागे नांगर, गणित_आणि_गलबत यांनी सांगितलं तसं. ते आकडे मी चिखलात काठीने काढून दाखवले. वर्तुळ काढल्यावर सगळे गप्प झाले. सात बोटींनी दुसऱ्याच दिवशी जागा बदलली. दोन जण बोटी सुटतील म्हणून घाबरले होते, त्यांना तांडेलकाकांचं जड नांगराचं वाचून दाखवलं, तेही तयार झाले. दोन मालक मुंबईला आहेत, त्यांच्या बोटी अजून एकाच नांगरावर गरगरतात.

काठाला बांधलेला तो दोर ज्याचा होता तो आईसमोर येऊन काही बोलला नाही. साखळीचे तुकडे घेऊन आला होता, दोराला अडकवू लागला. आई म्हणाली, "गाठ अशी नको, सुटेल," आणि डाव्या हाताने त्याला दाखवली.

आमच्याकडूनही दोन गोष्टी कबूल केल्या. अंधार पडल्यावर विजेरीशिवाय होडी पाण्यात घालायची नाही, आणि कोणाच्या नांगराच्या दोराला हात लावायचा नाही.

निवृत्त_नाविक
वाचून फार बरं वाटलं. त्या दोन बोटींवर निदान दिवा तरी लावून घ्या.

खाडीपलीकडची
त्याच दिवशी लावला. आवशीला घरात दिवे पुजलेच होते, शेजारच्या पोराने त्यांतलेच दोन कंदील नेऊन टांगले. तेल रोज मी घालते, शेतावरून येताना.

तांडेल७२
ताई, बोटीजवळ जाताना मागच्या बाजूने जा. ओढ बघून.

खाडीपलीकडची
हो काका, मागूनच जाते.

देवगडचा_दर्या
एक विचारायचं राहिलं. नारळी पौर्णिमेनंतर ट्रॉलर बाहेर गेले की खुंट काढणार का?

खाडीपलीकडची
नाही. ऑक्टोबरात वादळ आलं की बाहेरच्या बोटी येतात, त्यांना हे सगळं कोण समजावणार? खुंट दिसले तर निदान विचारतील तरी. दोन खुंट लोंढ्याने हलले आहेत, येत्या भांगेला (उधाण नसतं त्या दिवसांत) पाणी मंद असतं तेव्हा नीट ठोकायचे आहेत. मालवणी_झील, बांबू तुमच्याकडे बरे मिळतात का?

मालवणी_झील
मिळतत. किती व्हये ता सांग, मावशीचो टेम्पो शनिवारी रत्नागिरीक येता.